दोन छोटे हॉर्न

१

गावाची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळकाकांना चढावर उडवलं गेलं ते शुक्रवारी रात्री साडेनऊला. त्याबद्दल भोंग्याला पकडलंय हे शनिवारी सकाळी कळलं आणि मला आनंद झाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी मला संत समजायला नको.

जोडून तीन दिवस सुट्टी आली की आमच्या चढाचं काय होतं ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक. वर पाण्याची टाकी आहे आणि रस्ता तिथेच संपतो. सुट्टीच्या रात्री टाकीपाशी मोटारसायकलवाले जमतात आणि एकामागून एक खाली सुटतात. सायलेन्सर काढलेले, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत घुसणारे, अंगात वारं शिरलेलं. चारचाकीवाले तरी कुठे शहाणे? एका हातात फोन, दुसऱ्या हातात सिगरेट आणि स्टिअरिंग गुडघ्यांवर. अठ्ठावीस वर्षं मी लोकांना गाडी चालवायला शिकवतेय. दिवसभर 'क्लच! क्लच!' ओरडत असते म्हणून अख्खा गाव मला क्लचबाई म्हणतो. पण सुट्टीच्या रात्री मीसुद्धा गाडी बाहेर काढत नाही.

या सगळ्यांचा म्होरक्या भोंगा. माझाच विद्यार्थी, पण फक्त चार दिवसांचा. चौथ्या दिवशी त्याने माझ्या शिकवणीच्या गाडीचा हॉर्न काढून तिथे कारखान्यात वाजतो तसला भोंगा बसवला. मी चौकात हॉर्न दिला आणि समोरचा दूधवाला सायकलसकट गटारात गेला. त्या दिवसापासून त्याला शिकवणी बंद आणि तेच नाव कायमचं चिकटलं. पोलीस चौकीत त्याच्याविरुद्ध अकरा तक्रारी आहेत. अकराही माझ्या अक्षरात.

तर शनिवारी सकाळी त्याची आई दारात. शिवणकाम करते, गळ्यात अजून मोजपट्टी तशीच.

"बाई, माझा पोरगा वाह्यात आहे," ती म्हणाली. "पण काकांना त्याने उडवलं नाही."

"सगळ्या आया हेच म्हणतात."

"म्हणत असतील. सोमवारी त्याला कोर्टात उभा करणार आहेत. काका अजून शुद्धीवर नाहीत, त्यांचं काही बरंवाईट झालं तर हा कायमचा आत. एक तारखेपासून बस डेपोत लागणार होता, गॅरेजात. नोकरीचं पत्र आलंय."

"मग मी काय करू?"

"तुम्ही त्याला एकदा भेटा. या गावात त्याचा सगळ्यात जास्त राग तुम्हाला आहे. तुम्ही म्हणालात यानेच केलं, तर मी गप्प बसेन."

मी चपला घातल्या.

२

"या, क्लचबाई! अभिनंदन करायला आलात का?" चौकीतले फौजदार म्हणाले. "बारावी तक्रार लिहायची गरज नाही आता."

भोंगा बाकावर बसला होता. ओठ सुजलेला, कोपर सोललेलं. जमलेल्या लोकांनी त्याला आधी बडवला आणि मग चौकीत आणला.

"बोल," मी म्हटलं. "आणि माझ्याशी खोटं बोललास तर याद राख."

"टाकीवरून आम्ही चौघं सुटलो. मी सगळ्यात पुढे," तो म्हणाला. "वळण संपलं आणि समोर गाडी. वर येत होती, आम्हाला बघून मधेच थांबली. मी बाजूने काढणार तेवढ्यात तिने पीप-पीप केलं आणि मागे जायला लागली."

"मागे? म्हणजे उताराकडे?"

"हो. काका तिच्या मागून कडेकडेने वर येत होते. मी गाडीला वळसा घातला, माझा दिवा काकांवर पडला आणि तेवढ्यात गाडीने त्यांना ढकललं. ते माझ्या पुढ्यात पडले. मी ब्रेक दाबला, आडवा झालो आणि घासत घासत त्यांच्यापाशी जाऊन थांबलो."

"गाडीचा रंग? नंबर?"

"नाही पाहिला. तिथला दिवा महिनाभर बंद आहे, बाई. मागचा पांढरा दिवा लागला तेवढा दिसला. नंतर गाडी वर निघून गेली, वळणापलीकडे."

"तुझे दोस्त?"

"पळाले."

"आणि तू का नाही पळालास?"

त्याने सोललेल्या कोपराकडे पाहिलं. "काकांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. उठलो असतो तर परत खाली आपटलं असतं."

फौजदार हसले. "ऐकलंत? भर चढावर कोण रिव्हर्स घेतं हो? उचलली जीभ लावली टाळ्याला. इकडे मोठ्या बाईंनी स्वतःच्या खिडकीतून सगळं पाहिलंय. याच्या मोटारसायकलने काकांना उडवलं, असा लेखी जबाब आहे."

मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा शब्द गावात दगडावरची रेघ. पण माझं लक्ष तिकडे नव्हतं.

"पुन्हा सांग," मी भोंग्याला म्हटलं. "मागे येण्याआधी गाडीने काय केलं?"

"पीप-पीप. दोन छोटे हॉर्न."

ते दोन हॉर्न माझ्या चांगलेच ओळखीचे होते.

३

माझा वर्ग वीस दिवसांचा असतो. पहिले तीन दिवस नुसता क्लच. चढावर गाडी कशी उभी करायची ते नवव्या दिवशी. आणि बाराव्या दिवशी रिव्हर्स. रिव्हर्स टाकायचा, दोन छोटे हॉर्न द्यायचे, मनात तीन मोजायचे आणि मगच क्लच सोडायचा. मागे लहान मूल असेल, म्हातारं माणूस असेल, त्याला बाजूला व्हायला वेळ मिळतो. दुसरं कुणी हे शिकवत नाही. लोक हसतात मला. हसू देत.

खोटं बोलणारा माणूस काय सांगतो? गाडी काळी होती सांगतो, नंबरातले दोन आकडे सांगतो. आणि भोंगा तर चौथ्या दिवशीच हाकलला गेला होता. बाराव्या दिवसाचा धडा त्याने घेतलाच नव्हता. म्हणजे ते दोन हॉर्न त्याने रचले नव्हते, ऐकले होते. आणि गाडी चालवणारं माणूस माझ्या हातून तयार झालेलं होतं.

मला ते मुळीच आवडलं नाही. पण एकदा ते ध्यानात आल्यावर डोळे मिटून घेणं मला जमेना.

चढाच्या तोंडाशी फुलवाली बसते, तिला आधी गाठलं. गाडी कुठली वर गेली ते तिला सांगता येईना. "दिव्यांनी डोळे दिपतात हो, काय दिसणार?" पण धडाम आवाज झाल्यावर खाली फक्त तीन मोटारसायकली आल्या, याबद्दल तिची खात्री होती. मग माणसं जमली, रस्ता भरला, पोलीस येऊन गेले. एकही गाडी उतरली नाही. वर तर रस्ता संपतो. म्हणजे ती गाडी वळणाच्या वरच होती, आणि तिथे गाड्या असतात तीन. डॉक्टरांची, औषधवाल्यांची आणि मोठ्या बाईंच्या मुलाची.

डॉक्टरांची गाडी नेहमीसारखी तिरकी, अर्धी गटारावर.

"काल रात्री गाडी बाहेर काढली होती?" मी विचारलं.

"तुम्हाला कशाला हव्यात नसत्या चौकशा?"

"तुम्हाला गाडी कुणी शिकवली?"

"माझ्या मेहुण्याने. का?"

"दिसतंच आहे," मी म्हटलं आणि निघाले. शिवाय त्यांची गाडी मागे जाताना मोठ्याने एक मंजूळ सूर वाजवते. ती रिव्हर्स गेली असती तर अर्धा चढ तो सूर गुणगुणत उठला असता.

औषधवाले माझे विद्यार्थी. माणूस भित्रा, पण नेमका. दुकानामागेच राहतात.

"बाई, मी जेवत होतो," ते म्हणाले. "दोन छोटे हॉर्न ऐकले आणि पाटावर एकदम ताठ बसलो. वाटलं, तुम्हीच आलात."

"मग?"

"मग भोंग्याची ती घरघर जवळ आली, मग धडाम. हॉर्न आधी, बरं का. हे फौजदारांना सांगायला गेलो, तर म्हणाले, हॉर्न काय, कुणीही वाजवतं."

"आणि तुमची गाडी?"

त्यांनी ओशाळून काउंटरखाली बोट दाखवलं. तिथे त्यांच्या गाडीची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती, गुरुवारपासून. बॅटरीवाचून गाडी काय ढकलत नेणार?

राहिली तिसरी. पण बाईंचा मुलगा तर बायकोपोरांसह गुरुवारीच सुट्टीला गेलेला, आगगाडीने. त्याची गाडी फाटकासमोर उभी होती आणि मी तिच्यावरून नजर काढून फाटकाच्या कडीला हात घातलाच होता. तेवढ्यात खाली पाहिलं. गाडीची पुढची दोन्ही चाकं पदपथाकडे पुरती वळवलेली होती आणि मागच्या चाकाखाली दगड होता.

४

हा नवव्या दिवसाचा धडा. चढावर गाडी लावली की चाकं कडेला वळवायची आणि दगड लावायचा, म्हणजे ब्रेक सुटला तरी गाडी घरंगळत नाही. बाईंचा मुलगा ताडमाड माणूस, तारुण्यात दुसरीकडे शिकलेला. चाकं सरळ ठेवून जातो म्हणून मी त्याला दहादा झापलंय. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि त्या घरात माझ्याकडे शिकलेलं माणूस एकच होतं.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, मोठ्या बाई माझ्याकडे आल्या होत्या. "जन्मभर 'मला जरा सोडता का' म्हणत आले. आता पुरे," म्हणाल्या. एकही दिवस चुकवला नाही. पुढे बसून वहीत टिपणं काढायच्या. लायसन्स मिळालं त्या दिवशी मी त्यांच्याकडून एक शब्द घेतला होता, की दिवेलागणीनंतर गाडीला हात लावायचा नाही.

दार त्यांनीच उघडलं. व्हरांड्यात जरा अंधार होता. "कोण?" म्हणाल्या.

"मी, बाई."

"अगं पोरी, तू होय! ये, ये." आवाजावरून ओळखलं त्यांनी मला.

चहा झाला. ओतताना माझ्या बशीतही थोडा सांडला. त्यांनी माझ्या चष्म्याकडे पाहून नेहमीची गोष्ट सांगितली, की चौथीत मी फळ्यावरची गणितं चुकीची उतरवायचे, सगळ्या मला ढ म्हणायच्या आणि बाईंनी ओळखलं की पोर ढ नाही, तिला दिसत नाही. स्वतः घेऊन गेल्या होत्या डोळे तपासायला. ते काही मी विसरणार आहे का?

"बाई, काल रात्रीचं सांगा ना," मी म्हटलं.

"फौजदारांना सांगितलं तेच. मी या खिडकीत होते. घड्याळकाका वर येत होते, तोंड माझ्याकडे. उजव्या हातात त्यांची ती पिशवी. तो कार्टा धडधडत आला, त्याच्या दिव्यात काका लख्ख दिसले आणि पुढच्या क्षणी आवाज."

"उजव्या हातात?"

"उजव्या. चाळीस वर्षं मुलांसमोर उभी राहून कवायत घेतलीय मी. समोरच्याचा उजवा तो आपल्या डाव्या बाजूला, हे मला कुणी शिकवायला नको."

ते खरंच होतं. या बाबतीत त्या कधी चुकल्या नव्हत्या. मी त्यांचे शब्द जसेच्या तसे डोक्यात ठेवले आणि उठले.

"ती चाकं कुणी वळवली, बाई?" हा प्रश्न ओठांपर्यंत आला होता. विचारला नाही. फाटकातून बाहेर पडले ती त्या चाकांकडे न बघता.

५

संध्याकाळी दवाखान्यात गेले. काकांच्या डोक्याला पट्टी, खुबा मोडलेला, डोळे मिटलेले. काकू शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर काकांची पिशवी. आत डबा, लोखंडी चिमट्यांची पेटी, चांगली जड.

"काकू, काका ही कोणत्या हातात धरतात?"

"डाव्या," त्या चटकन म्हणाल्या. "चाळीस वर्षं डाव्याच. उजव्या हाताने ओझं उचललं तर तो मग तासभर थरथरतो आणि घड्याळाचा स्क्रू बसत नाही. नातू झाला तेव्हा पहिल्यांदा घेतला, तोसुद्धा डाव्याच हातावर. मी म्हटलं, अहो, नातू आहे, घड्याळ नाही!" आणि मग त्या रडायलाच लागल्या. मी त्यांचा हात धरून बसले. दुसरं काय करणार?

म्हणजे कधी न चुकणाऱ्या बाई चुकल्या होत्या. का?

रविवारी सकाळी मैदानावर माझा वर्ग होता. नवी शिकाऊ, बँकेत कारकून. तिचा बारावा दिवस. तिने रिव्हर्स टाकला, पीप-पीप केलं, तीन मोजायला लागली. मागून एक पाववाला सायकल ढकलत येत होता.

"थांब," मी म्हटलं. "आरशात बघ. त्याने टोपी कोणत्या हाताने धरलीय?"

तिने आरशात पाहिलं, मनात हिशेब केला. "उजव्या."

"आता मागे वळून बघ."

ती वळली. "अय्या! डाव्या की!"

मी शेजारच्या सीटवरून तो आरसा माझ्याकडे वळवून पुन्हा बघितलं. खिडकीतून पाहिलं असतं तर बाईंचा हिशेब बरोबर आला असता. आरशात डावी बाजू डावीकडेच राहते, तिथे तोच बरोबर हिशेब चुकीचं उत्तर देतो. मोठ्या बाईंनी काकांना खिडकीतून पाहिलंच नव्हतं. गाडीच्या आरशात पाहिलं होतं.

"बाई, काय झालं?" शिकाऊ विचारत होती. "माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही," मी म्हटलं. "जा घरी. आज एवढंच."

६

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. भोंगा संन्यासी नव्हता, पण फाशी मात्र त्याच्यासाठीच तयार होत होती, आणि हाताशी एकच रविवार होता. मी दुपारी दोनला पुन्हा चढ चढले.

आधी गाडीत डोकावले. सीट पार पुढे ओढलेली. आरसा खाली झुकवलेला. त्या ताडमाड माणसाचे गुडघे त्या सीटवर मावलेच नसते. सगळ्या गाडीवर धुळीचा थर, फक्त मागचा बंपर स्वच्छ पुसलेला. बसलं की आधी सीट, मग आरसा, मग पट्टा. पहिल्या दिवसाचा धडा. बाईंनी माझा एकही धडा टाकला नव्हता.

आत गेले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, असं ठरवूनच गेले होते.

"बाई, काकांची पिशवी डाव्या हातात होती."

त्या विणकाम करत होत्या. सुया थांबल्या.

"तुम्हाला ती उजव्या हातात दिसली, कारण तुम्ही आरशात बघत होता. मागे येण्याआधी तुम्ही दोन हॉर्न दिलेत. औषधवाल्यांनी ऐकलेत. भोंग्यानेही ऐकलेत, आणि त्याला तो धडा ठाऊकच नाही. परत येऊन तुम्ही चाकं वळवलीत, दगड लावलात."

त्यांनी लोकरीचा गुंडा मांडीवर ओढून घेतला.

"तळ्यावर गेले होते," त्या म्हणाल्या. "एकटी. सूर्यास्त बघायला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता. परतताना सगळीकडे गर्दी, उशीर झाला. खालच्या चौकात एका गाडीने मला आरसा घासून कट मारला. दोन मोटारसायकली दोन्ही बाजूंनी गेल्या, एकजण खिडकीशी तोंड आणून ओरडला. माझी पाचावर धारण बसली होती, पोरी. कशीबशी चढाला लागले, तर समोरून ते चौघं. मला वाटलं, मागे होऊन कडेला जाऊ. तू शिकवलंस तसं सगळं केलं. हॉर्न दिले. तीन मोजले. आरशात बघितलं."

"आणि?"

"काळोख. नुसता काळोख, गं. मग त्याच्या दिव्यात एकदम काका दिसले. तोवर पाय ब्रेकवर पोचलाच नाही." त्यांनी सुया खाली ठेवल्या. "आवाज दोन झाले. एक माझा, एक त्याचा. मी स्वतःला सांगत राहिले की काकांना लागला तो त्याचा. शुक्रवारपासून हेच घोकतेय. फौजदार आले, म्हणाले, बाई, तुम्ही काही पाहिलंत का? आणि माझ्या तोंडून खिडकी निघून गेली."

"बाई, तुम्हाला रात्रीचं दिसत नाही."

"तुला माहीत होतं."

हो. माहीत होतं. आता लपवून काय करू? लायसन्सचा फॉर्म भरायच्या दिवशी माझ्या वर्गात अक्षरांचा तक्ता लावला होता. खालची ओळ बाईंनी धडाधड म्हणून दाखवली. फक्त मी त्या दिवशी तक्ता बदलला होता आणि त्या जुन्याच तक्त्याची ओळ म्हणत होत्या, पाठ केलेली. चौथीतल्या मुलीला दिसत नाही हे जिने ओळखलं, तिला दिसत नाही हे मला ओळखता आलं नाही असं नाही. मलाच बोलायचा धीर झाला नाही. मी 'दृष्टी उत्तम' लिहिलं, सही ठोकली, आणि रात्री चालवू नका असं वचन घेऊन स्वतःची समजूत घातली.

"मला वाटलं, तुमचा मान राखतेय," मी म्हटलं.

"मान कसला!" त्या एकदम पूर्वीच्या मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या. "मी तुझा मान राखला होता का? कान धरून नेलं होतं डोळ्यांच्या डॉक्टरकडे!" मग हळू म्हणाल्या, "त्या पोराला सोमवारी नेणार आहेत ना?"

"हो."

त्या उठल्या, कपाटातून बाहेरची शाल काढली. "चल मग. आणि गाडी नको. चालत जाऊ."

७

उतारावर त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. अपघाताच्या जागी क्षणभर थांबल्या, रस्त्याकडे बघितलं आणि पुढे चालू लागल्या.

फौजदारांना सगळं सांगायला अर्धा तास लागला. हॉर्न, चाकं, सीट, पिशवी आणि माझा तो फॉर्मसुद्धा. आरशाचं त्यांना पटेना, तेव्हा मी त्यांना चौकीतल्या आरशासमोर उभं केलं आणि हवालदाराला टोपी धरून मागे उभा केला. तीनदा चुकले आणि मग खुर्चीत बसून घाम पुसायला लागले.

तेवढ्यात दवाखान्यातून काकूंचा फोन. काकांनी डोळे उघडले होते. पहिला प्रश्न, माझी पिशवी कुठाय. मोठ्या बाईंनी भिंतीला हात टेकून डोळे मिटले.

भोंग्याला बाहेर आणलं. बेदरकार चालवल्याचा दंड त्याला पडणारच होता, लायसन्सही काही महिने जमा होणार होतं. त्याची मी फौजदारांना मुद्दाम आठवण करून दिली. पण काकांना उडवल्याचा गुन्हा त्याच्या नावावरून निघाला आणि डेपोची नोकरी वाचली. त्याची आई दाराशी उभी होती. तिने आधी त्याला एक सणसणीत थोबाडीत मारली आणि मग मिठी मारली.

"बाई," भोंगा गाल चोळत मला म्हणाला, "तुमचा माझ्यावर विश्वास कसा बसला?"

"तुझ्यावर कुठे बसला? तो सायलेन्सर आधी लाव परत. आणि टाकीवर पुन्हा दिसलास तर बारावी तक्रार तयार आहे."

मग तो मोठ्या बाईंकडे वळला. आता हा काय बोलतो म्हणून माझा जीव टांगणीला लागला. त्या मान खाली घालून उभ्या होत्या.

"मी जोरात आलो नसतो तर तुम्ही मागे गेला नसता," तो पुटपुटला.

"आणि मी गाडी काढली नसती तर तू नुसताच घरी गेला असतास," बाई म्हणाल्या. "तुझ्यावर आळ घेतला मी. ते माझं मला भोगायचंय."

फौजदारांनी जबाब लिहून काढला. माझ्याकडे पाहून घसा खाकरला. "क्लचबाई, त्या फॉर्मचं यात घालायलाच हवं का? तुमची शाळा बंद करतील. निदान वर्षभर तरी."

"घाला," मी म्हटलं. "पोटापुरतं काढीन काहीतरी. अठ्ठावीस वर्षं सगळ्यांना आरशात बघा म्हणून ओरडतेय."

त्यांनी कागद पुढे सरकवला. मोठ्या बाईंनी तो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"पोरी," त्या म्हणाल्या, "सही कुठे करायची?"

मी त्यांचं बोट धरून जागेवर ठेवलं. चाळीस वर्षं प्रगतीपुस्तकांवर केलेली ती सुबक सही त्यांनी केली. तिच्याखाली माझी जागा होती. मी चष्मा पुसला, वर काय लिहिलंय ते पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं आणि मगच सही केली.